आमारोने: चाखायची कशी, जोखायची कशी

मे महिना, पुणे, संध्याकाळचे साडेसात. मित्राने इटलीहून जपून आणलेली आमारोने या रेड वाइनची बाटली शोकेसमधून निघाली ती थेट टेबलावर आली. पंखा फुल्ल, शेजारी सुक्या मटणाची वाटी. पहिल्या घोटाला सगळ्यांच्या भुवया वर. ‘जबरदस्त स्ट्राँग आहे,’ एक म्हणाला. ‘गोड आहे की,’ दुसरा. तिसऱ्याने गुपचूप बर्फ टाकला. उरलेली पाव बाटली कॉर्क लावून फ्रिजमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मित्राने त्यातली घोटभर घेतली आणि मला फोन केला, ‘अरे, ही कालची वाइन नाहीच.’

बाटली तीच होती. आदल्या दिवशी आमच्या तोंडात वाइनच्या आधी उकाडा, तिखट आणि अल्कोहोल पोचलं होतं.

त्यानंतर अनेकांच्या घरी हेच होताना पाहिलं, म्हणून हा क्रम लिहून काढला. मुख्य घोळ एकच. आमारोने समोर आली की लोक तिचा जोर मोजत बसतात. जोर प्रत्येक बाटलीत असतोच, तो बनवण्याच्या रीतीतूनच येतो. जोखायचं असतं ते वेगळं: एवढा जोर कशाने पेलला आहे आणि घोट संपल्यावर तोंडात काय उरतं.

## आधी एवढं माहीत हवं

आमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला ही इटलीतल्या व्हेरोना शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवरची वाइन. मुख्य द्राक्ष कोर्विना, जोडीला कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. काढणी झाली की द्राक्षं लगेच चिरडत नाहीत. घड क्रेटमध्ये किंवा बांबूच्या फळ्यांवर एका थरात पसरून हवेशीर माळ्यावर तीन-चार महिने सुकवतात. तासगावला बेदाण्याचं शेड पाहिलं असेल तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल, फक्त वेग वेगळा. आपल्याकडे द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. तिकडे काही न लावता, हिवाळ्याच्या गार हवेत, घड हळूहळू सुरकुततात आणि अर्ध्या वाटेवर थांबवले जातात. मग ते चिरडून आंबवतात.

पाणी उडालं, साखर दाटली. ती साखर आंबली की अल्कोहोल चढतं. नियमाने किमान १४ टक्के, प्रत्यक्षात बहुतेक बाटल्यांवर १५ ते १६.५. यीस्ट शेवटी दमतं, म्हणून थोडी साखर मागे राहते. शंभर किलो ताज्या द्राक्षांमागे जेमतेम ४० लिटर वाइन काढायची परवानगी आहे. म्हणजे एका बाटलीत जवळपास दोन किलो द्राक्षं. दाटपणाचा हिशोब इथे संपला. पुढच्या पायऱ्यांत ‘किती दाट’ हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

## १. बाटली नक्की कुठली, ते बघा

‘वाल्पोलिचेल्ला’ हे त्या भागाचं नाव चार वेगळ्या वाइनच्या लेबलांवर असतं आणि इथेच पहिली फसगत होते. साधी वाल्पोलिचेल्ला हलकी, ताज्या द्राक्षांची. रिपास्सो म्हणजे तीच हलकी वाइन आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली. रेचोतो सुकवलेल्या द्राक्षांचीच, पण गोड. लेबलवर ‘आमारोने’ हा शब्द नसेल तर ती आमारोने नाही, दुकानदार काहीही सांगो. ‘आपास्सिमेंतो’ एवढंच लिहिलेल्या बाटल्याही मिळतात. त्यात द्राक्षं थोडीफार सुकवलेली असतात, पण ती इटलीतल्या दुसऱ्या कुठल्याही भागातली असू शकतात.

‘क्लासिको’ म्हणजे फुमाने, मारानो, नेग्रार, सान पिएत्रो इन कारिआनो आणि सांत’आम्ब्रोजो या पाच गावांचा मूळ पट्टा. हा पत्ता आहे, दर्जाचा शिक्का नाही. ‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त काळ मुरवलेली: साध्या आमारोनेला किमान दोन वर्षं, रिझेर्वाला चार.

साल नोंदवा. काढणीपासून पाच वर्षांच्या आतली बाटली बहुधा अंगावर येते. माझ्या मते आठ ते पंधरा वर्षांचा टप्पा शिकायला सर्वांत बरा.

तपासा: कॉर्क बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलाय का? फॉइलखाली चिकट ओघळ आहे का? असेल तर बाटलीने कुठेतरी ऊन खाल्लं आहे, गोदामात, गाडीच्या डिकीत किंवा तुमच्याच शोकेसमध्ये. ती प्यायला हरकत नाही, पण तिच्यावरून आमारोनेबद्दल मत बनवू नका.

## २. आदल्या दिवशीची तयारी

बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसायला एक रात्र तरी लागते. दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर दोन दिवस.

ग्लास मोठे, खाली फुगीर आणि वर निमुळते. धुतल्यावर आतून हुंगून पाहा. साबणाचा, ओल्या फडक्याचा किंवा लाकडी कपाटाचा वास हमखास असतो. साध्या गरम पाण्याने खळखळून उपडे न ठेवता वाळवा.

चाखायच्या खोलीत त्या दिवशी उदबत्ती नको, अत्तर नको आणि स्वयंपाकघरात फोडणी नको. लसणाची फोडणी बसली की पुढचा तासभर नाक कामातून गेलं समजा. दात आधी तासभर घासू नका. पान-सुपारी तर अजिबात नको, कात जिभेवर बसला की वाइनचा तुरटपणा आणि काताचा तुरटपणा वेगळा करता येत नाही.

आता या टप्प्यातलं खरं काम. बाटली उघडण्यापूर्वी जिभेला चार मापं दाखवून ठेवा.

साखरेसाठी तीन ग्लास: एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ५ ग्रॅम साखरेचं पाणी, तिसऱ्यात १० ग्रॅमचं. काट्यावर मोजा. आमारोनेतली उरलेली साखर बहुधा याच टापूत असते. पहिल्या दोन ग्लासांतला फरक किती पुसट आहे हे एकदा कळलं की ‘गोड आहे’ म्हणण्याची घाई आपोआप कमी होते.

अल्कोहोलसाठी तीन भाग व्होडका आणि पाच भाग पाणी. ४० टक्क्यांची व्होडका अशी मिसळली की १५ टक्क्यांचं पाणी तयार होतं. घोट घेऊन बघा. घसा तापतो आणि गंमत म्हणजे किंचित गोडही लागतं, साखरेचा कण नसताना.

तुरटपणासाठी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, दहा मिनिटं उकळलेला. हिरड्या आणि गालांची आतली बाजू ओढली जाते तो तुरटपणा.

आंबटपणासाठी चिंचेचा अगदी पातळ कोळ. लिंबूही चालेल, पण चिंचेत टार्टारिक आम्ल असतं आणि द्राक्षातलं मुख्य आम्लही तेच.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. तुरट आणि कडू हे दोन वेगळे रस आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात: जांभूळ तुरट, कारलं कडू. शब्द वेगळे, जागाही वेगळ्या. तुरटपणा स्पर्शासारखा गालाला आणि हिरड्यांना जाणवतो, कडूपणा ही चव आहे आणि ती बहुधा उशिरा, जिभेच्या मागच्या भागात उमटते. वाइनबद्दल बोलायला लागलो की मात्र आपण दोन्हीला ‘ड्राय’ म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. आमारोनेच्या नावातच ‘आमारो’ म्हणजे कडू आहे. कडू आणि तुरट वेगळं न करता तिचा निवाडा होऊच शकत नाही.

## ३. तापमान: निम्म्या चुका इथेच

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे वाक्य युरोपातल्या थंड घरांतलं आहे. आमारोनेसाठी ग्लासात १६ ते १८ अंश हवेत. नागपूरच्या किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात खोली ३२ ते ३५ अंशांवर असते. त्या तापमानाला १६ टक्के अल्कोहोल आधी उडतं, नाकात चरचरतं आणि बाकी सगळे वास त्याच्यामागे दडतात. गोडवा वाढल्यासारखा वाटतो, ताजेपणा बसतो. वाइन मुरंब्यासारखी लागते.

तीस अंशांची बाटली फ्रिजमध्ये दोन तास उभी ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, पाणी लागतंच. डीप फ्रीझर नको.

अंदाजाने काम करू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर शंभर-दोनशे घोटांचं शहाणपण वाचवतो. थोडी वाइन ग्लासात ओता, काटा बुडवा. १५ दाखवत असेल तर उत्तम, आपल्या खोलीत पाच-सात मिनिटांत ती १७ वर येते. १२ असेल तर थांबा. फार गार असताना तुरटपणा आणि कडूपणा विनाकारण टोकदार होतो.

इशारा: तापमान चुकलं असेल तर पुढचं काहीही लिहून ठेवू नका. ते मत वाइनबद्दलचं नसेल.

## ४. उघडणं आणि पहिली झडती

कॉर्क सावकाश काढा. जुनी बाटली आडवी-उभी हलवू नका. कॉर्क हुंगण्याचा सोहळा करायची गरज नाही, त्यातून फार काही कळत नाही. त्याऐवजी चमचाभर वाइन ग्लासात घ्या आणि फक्त दोष शोधा.

पावसाळ्यात भिजलेल्या रद्दीचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो कॉर्कचा दोष. हवेने जात नाही, उलट वाढतो. बाटली बाजूला ठेवा. कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागून गेलेली वाइन. तबेल्याचा किंवा चिकटपट्टीचा वास एका जंगली यीस्टमुळे येतो. थोडा असेल तर काहींना आवडतो, मला नाही.

नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा किंवा व्हिनेगरचा वास मात्र इथे सरसकट दोष धरता येत नाही. द्राक्षं महिनोन्महिने पडून राहतात, आंबणं लांबतं, त्यामुळे आमारोनेत त्याची एक बारीक धार बहुतेकदा असतेच. ती फळाचा वास वर उचलत असेल तर चालेल. ग्लास तोंडाजवळ नेताना फळाआधी तीच येत असेल तर गुण कापा.

झडती झाली की डिकँटरचा निर्णय. तरुण आणि बंद वाटणारी असेल तर काचेच्या रुंद भांड्यात एक-दोन तास, पण आपल्या हवेत ते भांडंही गार पाण्याच्या परातीत ठेवावं लागेल. पंधरा वर्षांपुढची असेल तर फक्त गाळ मागे ठेवण्यापुरती हळू ओता आणि लगेच चाखायला बसा. जुनी वाइन दोन तास उघडी ठेवून तिचा उरलासुरला वास घालवून बसलेले मी पाहिले आहेत. त्यात मीही होतो.

प्रत्येकाला ५० मिलीच ओता. सहा जणांत ३०० मिली होतात. उरलेली जेवणासाठी आणि दुसऱ्या दिवसासाठी लागणार आहे.

## ५. पाहणं, थोडक्यात

पांढरा कागद, पांढरा उजेड, ग्लास तिरका. कडेला रंग बघा: तरुण असेल तर माणकासारखा, वयाबरोबर डाळिंबी, पुढे विटकरी. साल आणि कडेचा रंग जुळत नसेल, म्हणजे चार वर्षांची वाइन विटकरी दिसत असेल, तर बाटली नीट ठेवली गेली नसावी.

दोन गैरसमज इथेच सोडून द्या. काळीकुट्ट म्हणजे भारी, असं नाही. कोर्विना मुळात फार गडद रंगाचं द्राक्ष नाही, उत्तम आमारोनेतून कागदावरची अक्षरं वाचता येऊ शकतात. आणि ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या जाड धारा दर्जा सांगत नाहीत. त्या मुख्यतः अल्कोहोल दाखवतात, आणि ते तर लेबलवरच छापलेलं आहे.

## ६. वास: तीन फेऱ्या

पहिली फेरी ग्लास न हलवता. नाक आत खुपसू नका. १६ टक्के अल्कोहोल थेट ओढून घेतलं की नाक मिनिटभर बधिर होतं आणि पुढच्या दोन फेऱ्या वाया जातात. ग्लास हनुवटीपाशी धरा, वास वर येऊ द्या. पहिल्या दोन-तीन गोष्टी मनात आल्या त्या लिहा, सुधारू नका.

दुसरी फेरी ग्लास फिरवून. आता फळ कोणतं यापेक्षा फळ कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा, आमारोनेत याला जास्त किंमत आहे. ताजं, पिकलेलं, शिजवलेलं की सुकलेलं? चांगल्या बाटलीत किमान दोन अवस्था एकत्र सापडतात: आंबट चेरीचा ताजेपणा आणि शेजारी सुकं अंजीर, काळा मनुका, खारीक. सगळंच मनुका-खारीक असेल तर वाइन एकसुरी आहे किंवा दमलेली आहे. सगळंच जॅम असेल तर द्राक्षं वेलीवरच जास्त पिकली असावीत.

मग मसाले आणि लाकूड. दालचिनी, लवंग, ज्येष्ठमध, तंबाखू, कोको हे बहुतेक सगळ्यांना सापडतात. व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, कॉफी हे लाकडी पिंपातून आलेले वास. बेर्तानीसारखं जुनं घराणं ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतं, त्यात लाकूड मागे राहतं. इल्लासी खोऱ्यातल्या दाल फोर्नोची वाइन नव्या लहान पिंपांतून येते, गडद आणि भरदार. दोन्ही पद्धती रास्त आहेत. आपल्याला जी आवडते ती बरोबर आणि दुसरी चूक, असा निवाडा करू नका. एवढंच विचारा: लाकडाचा वास मनातल्या मनात पुसला तर खाली फळ उरतं का?

तिसरी फेरी दहा मिनिटांनी. ग्लास झाकून ठेवा, बशी चालते. बदल झाला का? नवीन काही वर आलं का? आमारोने सावकाश उलगडते. पहिल्या मिनिटाला भरभरून बोलणारी आणि दहाव्या मिनिटाला गप्प झालेली बाटली मी खालच्या खणात टाकतो.

तपासा: वासांची यादी लांबवण्याची स्पर्धा नको. पाच शब्द पुरतात. सोळा फळांची नावं लिहिणाऱ्याने बहुधा वाइन हुंगलेली नसते, मागचं लेबल वाचलेलं असतं.

## ७. घोट: चार, प्रत्येकाचं काम वेगळं

एकाच घोटात सगळं ओळखायला जाणं ही इथली सर्वांत मोठी चूक. साखर, अल्कोहोल, तुरटपणा आणि आंबटपणा एकमेकांना झाकतात. म्हणून घोट दहा मिलीचे, आणि पिकदाणी हवीच. स्टीलचं मोठं पातेलं चालेल, लाजू नका.

पहिला घोट मोजायचा नाही. तो फक्त तोंडाला अल्कोहोलची ओळख करून द्यायला. पहिल्या घोटाचा चटका प्रत्येक आमारोनेला असतो. तो गृहीत धरून लिहिलेले शेरे फेकून द्यावे लागतात.

दुसरा घोट साखरेसाठी, नाक चिमटीत धरून. नाक बंद असलं की व्हॅनिला, खारीक, चॉकलेट यांचे वास तोंडातून नाकाकडे जात नाहीत आणि जिभेवर खरी साखर तेवढी उरते. कालच्या ५ आणि १० ग्रॅमच्या पाण्याशी मनात ताडून बघा. मग चिमटी सोडा. गोडवा एकदम वाढल्यासारखा वाटला तर तो वासाचा गोडवा होता. ही युक्ती एकदा केली की ‘आमारोने गोड असते’ म्हणणारे निम्मे लोक आपलं वाक्य मागे घेतात. उरलेल्या निम्म्यांची बाटली खरंच गोडसर असते.

तिसरा घोट आंबटपणा आणि तुरटपणासाठी. आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, हिरड्यांपर्यंत पोचू द्या, थुंका आणि मान खाली घाला. जिभेखाली पाणी सुटतं का, किती वेळ सुटत राहतं? हा आंबटपणा. जिभेवर तो शोधू नका, गोडव्यामागे आणि दाटपणामागे तो लपतो, लाळ मात्र खोटं बोलत नाही. आता जीभ गालांच्या आतून फिरवा. मखमल लागली, बारीक रवा लागला की खरखरीत कागद? उकळलेल्या चहाशी ताडून बघा. तुरटपणा जास्त असणं हा दोष नाही. तोंड इतकं कोरडं पडलं की फळ शोधायला लाळच उरली नाही, तर दोष.

चौथा घोट सबंध वाइनसाठी. आता काहीही वेगळं काढू नका. एवढंच बघा की तोंडात मधोमध, घोटाच्या मध्यावर, काय होतं. कमकुवत बाटलीची सुरुवात दणक्यात होते, शेवटी चटका बसतो आणि मध्ये पोकळी असते. वजन आहे, चव नाही. चांगल्या बाटलीत मधला भाग सर्वांत भरलेला असतो आणि तरीही घोट जड वाटत नाही.

इशारा: घोटांच्या मध्ये पाणी आणि साध्या पावाचा तुकडा, बस. चीज चरबीने तुरटपणा पुसून टाकतं आणि सुमार वाइनही गुळगुळीत लागते. तिखट तर त्याहून वाईट: मिरचीने पोळलेल्या तोंडाला अल्कोहोलचा चटका दुप्पट जाणवतो. त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी सुक्या मटणाने आमची बाटली तशीच मारली होती. मटणाची काही चूक नव्हती, क्रमाची होती.

## ८. थुंकल्यानंतर

बहुतेक लोक घोट संपला की मत सांगायला तोंड उघडतात. इथे तोंड मिटून ठेवा आणि सेकंद मोजा. सेकंद किती भरले यापेक्षा शेवटी कोण उरलं ते लिहा.

ऊब उरली, म्हणजे छातीपर्यंत जाणारी उष्णता आणि बाकी काही नाही, तर अल्कोहोल मोकाट आहे. लाकूड उरलं, म्हणजे कॉफी, राख, कोरडा भुसा, तर पिंपाने वाइन खाल्ली. साखरेचा चिकटपणा ओठांवर उरला तर आंबटपणा कमी पडला. फळ उरलं आणि त्यामागून कडवटपणा आला, तर मग जरा थांबा, कारण आमारोनेची खरी परीक्षा इथे आहे.

कडवटपणा दोन तऱ्हांचा. चेरीची बी चावल्यासारखा, कडू बदामासारखा, मेथीदाणा चावून संपल्यावर येतो तसा: स्वच्छ, छोटा, तोंड साफ करून जाणारा. तो आल्यावर पुढचा घोट घ्यावासा वाटतो. गोडसर दाट फळाला हाच कडवटपणा लगाम घालतो, तो नसता तर एका ग्लासातच कंटाळा आला असता. दुसरा करपलेला: जास्त भाजलेल्या कॉफीचा किंवा करपलेल्या पोळीचा, जिभेच्या मागे लेप देऊन बसणारा. पाण्याची चूळ भरूनही जात नाही. पहिल्याला गुण द्या, दुसऱ्याला कापा. आणि कडवटपणा मुळीच सापडला नाही, फक्त गोलमटोल गोडवा असेल, तर मी ती वाइन चुकीची म्हणणार नाही. विसरून जाण्याजोगी म्हणेन.

## ९. निवाडा

शंभरपैकी आकडा द्यायचा मोह होतो. देऊ नका, निदान पहिल्या वीस बाटल्यांपर्यंत. त्याऐवजी ओळीत उत्तरं लिहा. अल्कोहोल लेबलवर किती आणि तोंडात किती वाटलं? १६ टक्के असून १४ सारखी लागली तर ती तोलाची मोठी खूण. तोंडाला पाणी सुटलं का? फळाच्या किती अवस्था सापडल्या? शेवटी कोण उरलं? आणि दुसरा ग्लास हवासा वाटला का? शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. दोन घोटांत दिपवणाऱ्या आणि अर्ध्या ग्लासात थकवणाऱ्या आमारोने भरपूर आहेत, स्पर्धांत त्यांनाच पदकं मिळाली तर मला नवल वाटत नाही. परीक्षक तिचा अर्धा ग्लास पीत नाही.

किंमत आणि नाव झाकून ठेवा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, आकडे घाला, गुंडाळणाऱ्याने ओतायचं नाही. किमती माहीत असताना दिलेली मतं किमतीभोवतीच फिरतात, कितीही प्रामाणिक माणूस असो.

एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर क्रम पाळा: साधी वाल्पोलिचेल्ला, मग रिपास्सो, मग आमारोने, शेवटी रेचोतो. उलट गेलात तर हलकी वाइन पाण्यासारखी लागेल. आमारोनेतही कमी अल्कोहोलची आधी. तरुण आधी की जुनी आधी, यावर वाद आहेत. मी जुनी आधी घेतो, तरुणीच्या तुरटपणानंतर तिचे नाजूक वास सापडत नाहीत. एका बैठकीत चारच्या वर आमारोने नकोत. पाचवीपर्यंत हिरड्या सुन्न होतात आणि पाचवीला नेहमी अन्याय होतो.

इशारा: थुंकूनही थोडं अल्कोहोल अंगात जातंच. चार बाटल्यांच्या बैठकीनंतर गाडी चालवू नका.

## १०. जेवणाबरोबर आणि दुसऱ्या दिवशी

लेखी निवाडा झाला की मग जेवण. व्हेरोनाकडे ही वाइन रिझोत्तोत, म्हणजे तिकडच्या मऊ भातात, घालतात, तासन्‌तास शिजवलेल्या मांसाबरोबर आणि मोंते व्हेरोनेझेसारख्या मुरलेल्या चीजबरोबर पितात. आपल्या घरात मुरलेलं कडक चीज आणि अक्रोड सर्वांत सोपं. मटण करायचं तर मंद आचेवर शिजवलेलं, काळी मिरी-दालचिनीचं, हिरवी किंवा लाल मिरची बेताची. आंबट रस्सा टाळा. या वेळी मत बदललं तर वेगळ्या शाईने लिहा, आधीचं खोडू नका. जेवणाबरोबर आवडणं आणि नुसती चाखताना आवडणं या दोन नोंदी आहेत.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील, आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून १६ अंशांवर येऊ द्या आणि फक्त दोन घोट घ्या: एक नाक धरून, एक मोकळा. एका रात्रीत फळ विझून नुसती दारू आणि लाकूड उरलं असेल तर काल तुम्हाला वेष्टनाने फसवलं होतं. काल बंद, उर्मट वाटलेली बाटली आज मोकळी झाली असेल तर तिच्या बहिणी आणखी पाच वर्षं थंड जागी आडव्या करून ठेवता येतील. कपाटात नाही, शोकेसमध्ये तर नाहीच.